मधली जागा

फुटपाथवर अंथरूण वाटेल तसं पडत नाही. भायखळ्याच्या एका रस्त्यावर दुकानांची शटरं खाली आली, हातगाड्या कडेला लागल्या, की आधी ताडपत्री पसरतात. तिच्यावर गोधड्या येतात आणि मग माणसं रांगेनं, ठरल्या क्रमानं आडवी होतात. रस्त्याच्या अंगाला बाप, नाहीतर थोरला मुलगा. भिंतीच्या अंगाला आजी. पायथ्याशी बोचकी, त्यांत भांडी, कपडे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. लहानगी पोरं मिळेल त्या फटीत. आणि आई नि आजीच्या मधली, अगदी आतली जागा वयात आलेल्या किंवा येऊ घातलेल्या मुलीची. तिच्या ओढणीची गाठ पुष्कळदा आईच्या पदराला मारलेली असते. रात्री कुणी पोरीला ओढलं तर आईला जाग यावी म्हणून.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घराबाहेर’ हा विषय दिला. त्यात प्रवास, परदेश, भटकंती असं बरंच काही बसतं. मला मात्र या मुलींबद्दलच लिहायचं होतं. मुंबईत त्या सगळ्यांनाच रोज दिसतात. सिग्नलला गजरे नाहीतर लिंबू-मिरच्या घेऊन काचेवर टकटक करतात, कडेवर धाकटं भावंड असतं. दिवस मावळल्यावर त्यांचं काय होतं, हे मात्र कुणी पाहत नाही. ते पाहायला मी भायखळा, दादर, शीव, ठाण्याचा तीन हात नाका, कल्याण स्टेशन इथं जात राहिले. मुलींची नावं आणि नेमक्या जागा या लेखात नाहीत. त्या उघड झाल्या तर त्रास त्यांनाच होईल.

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. देशभरात पावणेअठरा लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त आणि बृहन्मुंबईत सत्तावन्न हजार माणसं भरली. रात्री उशिरा पाठ टेकणारी आणि पहाटे उठून जाणारी माणसं एका रात्रीत किती सापडणार? बेघरांमध्ये काम करणारे कार्यकर्ते हा आकडा अपुरा मानतात. २०१३मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि अॅक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची वेगळी गणती केली. ती ३७,०५९ निघाली. बहुतेक मुलं आईबापांसोबत राहणारी होती आणि मुलग्यांचं प्रमाण मुलींहून बरंच जास्त होतं. मुली कमी का दिसल्या, याचं उत्तर मला पुढे कल्याणला मिळालं.

रात्रीचे पहारे

झोपायची जागा निवडणं हे आयांचं काम, आणि त्या ती बारकाईनं निवडतात. दिव्याखालची जागा सगळ्यांत चांगली. डोळ्यांवर उजेड येतो, डास येतात, तरी तीच हवी. रात्रभर उघडं असलेलं औषधांचं दुकान, हॉस्पिटलचं गेट, पेट्रोल पंप, पहारेकरी असलेलं एटीएम यांच्या आसपासची जागा पटकन भरते. पुलाखालची अंधारी, वारा लागणारी, ऐसपैस जागा बघणाऱ्याला चांगली वाटते. पण तिथं गर्दुल्ले बसतात, म्हणून मुली असलेली कुटुंबं तिकडं फिरकत नाहीत.

पहाऱ्याच्या पाळ्या असतात. म्हाताऱ्या बायकांना झोप कमी, त्यामुळे मध्यरात्रीची पाळी त्यांची. दादरला सेनापती बापट मार्गावर पहाटे फुलांचे टेम्पो लागायला लागतात, झेंडूच्या गोण्या उतरतात, चहाची किटली फिरते. मुली खऱ्या अर्थानं झोपतात त्या तेव्हा. बाजार जागा झाला, आता कुणी काही करणार नाही, हा त्यांचा भरवसा. दोन-तीन तासांनी सूर्य अंगावर येतो. उरलेली झोप दुपारी एखाद्या देवळाच्या नाहीतर बागेच्या सावलीत भरून काढायची. सिग्नलला गाड्यांमधून पेंगत चालणारी मुलगी दिसली, की आपण तिला सुस्त म्हणतो, नाहीतर नशेत आहे असं समजतो. ती रात्रभर जागी असते.

स्वतःचे उपायही असतात. फ्रॉकच्या आत जीन्स आणि जीन्सच्या आत अजून एक चड्डी, तीही नाडीला दोन गाठी मारून. केस बारीक कापलेले. एका मुलीनं सांगितलं, ती नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आईनं तिला मुलगा म्हणूनच वाढवलं. शर्ट-पँट घालायची, नावही पोराचं. पुढं ते लपेना. काही मुली लग्नाआधीच गळ्यात काळी पोत घालतात. उशाशी मिरचीपूड असते. आणि कुत्री असतात. रस्त्यावरचं कुत्रं एकदा घरातलं झालं, की परक्या पावलाला भुंकतंच. त्याला स्वतःच्या भाकरीतला तुकडा नेमानं दिला जातो.

पण सगळ्याच धोक्यांवर पहारा चालत नाही. गाडी अंगावर येते तेव्हा कुणाच्या ओरडण्याचा उपयोग नसतो. २००६च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण गेले. २०२४च्या डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीला डंपर चढला. तिघं दगावले, त्यांत दोन तान्ही मुलं. दुसरा धोका ओळखीच्या माणसाचा. बायका सारखं हेच सांगत होत्या. परक्याला सगळे मिळून हाकलतात. काम देणारा मुकादम, उसने पैसे देणारा, बापाच्या शेजारी बसून पिणारा, लांबचा मामा, अशा माणसाला हाकलता येत नाही. तो रांगेच्या आतलाच असतो.

पावसाळा या सगळ्याचा विचका करतो. जूनपासून उघड्यावर झोपता येत नाही, मग चार रस्त्यांवरची माणसं एकाच पुलाखाली दाटतात. ओळखीचे आणि अनोळखी शेजारी शेजारी. ताडपत्र्या खाली ओढलेल्या, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. ऊन, थंडी, भूक कशाबद्दलही न कुरकुरणारी एक आजी पावसाबद्दल बोलताना रडली. तिच्या नातीला जे सोसावं लागलं ते पावसातच.

त्या रात्रींनंतर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. या मुलींना भिंत नाही, दार नाही, कडी नाही. त्यांना राखतात ती आजूबाजूला झोपलेली ओळखीची माणसं. ती माणसं पांगली की मुलगी उघडी पडते. मग पुढं मी जिथं जिथं गेले, तिथं एकच प्रश्न विचारत गेले: ही माणसं पांगतात कशानं?

एकटी मुलगी दिसत का नाही

कल्याणला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेली, घरातून निघालेली मुलं इथं उतरतात. मुलगे टोळीनं राहतात. बाटल्या गोळा करतात, डबे झाडतात, नशेसाठी सोल्युशन हुंगतात, महिनोन्‌महिने फलाटावर काढतात. तशी मुलगी फलाटावर राहताना दिसत नाही. ती येत नाही असं नाही. स्टेशनवर मुलांसाठी काम करणाऱ्या एका ताईंनी सांगितलं, मुलगी उतरली की तासा-दोन तासांत तिच्याशी कुणीतरी बोलतंच. कोण आधी बोलतं, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं.

बोलायला येणारी पुष्कळदा बाईच असते. खायला देते, फोन लावायला देते, ‘माझ्याच पोरीएवढी आहेस’ म्हणते, घरकामाची नोकरी आहे सांगते. तिच्या आधी पोहोचायचं, एवढंच या ताईंचं काम. त्या काय बघतात? सामान नसलेली किंवा फक्त शाळेचं दप्तर असलेली मुलगी. गाडी आली तरी न उठणारी. नळावर वारंवार तोंड धुणारी. एकदम हात धरायचा नाही, पोलिसाचं नाव काढायचं नाही. शेजारी बसून आधी पाण्याची बाटली पुढं करायची.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक १९९६मध्ये मुंबईतच सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून. पुढं तो देशभर गेला. २०२३मध्ये तो सरकारनं स्वतःकडे घेतला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला. मुलगी सापडल्यावर चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढं उभं करायचं, असा २०१५च्या बाल न्याय कायद्याचा दंडक आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. घरी पाठवायचं की बालगृहात, ते तीच ठरवते. घरी पाठवणं दरवेळी सुखाचं नसतं. सावत्र बापाला भिऊन निघालेल्या मुलीला पत्ता विचारला की ती खोटा सांगते, त्याचं कारण हेच.

ज्या कुणाच्याच हाती लागत नाहीत, त्या एखाद्या थोरल्या पोराच्या आश्रयाला जातात. त्या एकाचं नाव लागलं की बाकीचे लांब राहतात. मुलींच्या हिशेबात हा बचाव आहे. त्याची किंमत त्या मोजतात आणि ती किती मोठी, हे त्यांना नीट ठाऊक असतं. त्यांना ‘बिघडलेल्या’ म्हणणाऱ्यांनी त्यांच्या जागी एक रात्र काढलेली नसते.

पाणी आणि आडोसा

दिवसातला सगळ्यांत मोठा खर्च कशावर, असं मी एका आईला विचारलं. मला वाटलं खाण्यावर म्हणेल. तिनं संडास आणि आंघोळ सांगितलं. पैसे देऊन वापरायच्या स्वच्छतागृहात दरवेळी नाणी मोजायची. घरात तीन मुली, त्यांतल्या दोघींची पाळी सुरू झालेली. रात्री तेही बंद होतं. मग पहाट होईपर्यंत धरून ठेवायचं, त्यासाठी संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही. लघवीची जळजळ इतक्या जणींनी सांगितली, की ती त्यांना आजार वाटेनाशीच झाली आहे.

रात्री अगदीच नाइलाज झाला तर मुली तिघी-चौघी मिळून जातात, एक आत आणि बाकीच्या पाठ करून उभ्या. एकटीनं जायचं नाही, हा नियम लहानग्या मुलींनाही पाठ असतो. नियम मोडला त्या वेळी काय झालं, याच्या हकिकती प्रत्येक वस्तीत आहेत. २०११च्या सुमारास मुंबईत कोरो आणि इतर संघटनांच्या बायकांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, महापालिकेला बायकांच्या मुताऱ्यांचा हिशेब मागितला. त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्यावर हसणारेही होते. फुटपाथवरच्या मुलीसाठी उघडं, उजेडाचं, फुकट स्वच्छतागृह म्हणजे पोलीस चौकीइतकंच संरक्षण आहे.

पाळीचं कापड वाळत घालायला जागा नसते. ते गोधडीखाली अंगाच्या उबेवर वाळवतात, नाहीतर ओलंच वापरतात. बऱ्याच मुलींची शाळा इथंच तुटते.

गाडी येते तेव्हा

फुटपाथवर ‘गाडी’ म्हणजे महापालिकेची सामान उचलणारी गाडी. ती आली की ताडपत्री, गोधड्या, भांडी, स्टोव्ह, सगळं वर फेकलं जातं. बायका आधी झडप घालतात ती कागदपत्रांच्या पिशवीवर. पोरं दुसऱ्या रस्त्यावर पळतात. गाडी गेल्यावर माणसं परत येतात, पण सगळी येत नाहीत. कुणी वडाळ्याला जातं, कुणी पुलापलीकडे. वर्षानुवर्षं जमलेली रांग एका सकाळी मोडते. त्या रात्री मुलगी कुणाच्या शेजारी झोपते?

१९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना उठवून त्यांच्या गावी धाडायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५च्या निकालात न्यायालयानं जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं सांगितलं, पण रीतसर प्रक्रिया करून फुटपाथ मोकळे करायला हरकत नाही, असंही म्हटलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेनं भायखळ्याच्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. पुढं तिथल्याच बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं, रुपया-दोन रुपये साठवले, घराचे नकाशे स्वतः मापं घेऊन केले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कित्येक वर्षांनी मानखुर्दच्या मिलननगरात पक्क्या घरात गेल्या. त्या एकत्र राहिल्या म्हणून गेल्या. आज उघड्यावर झोपणाऱ्यांना एका जागी टिकूच दिलं जात नाही.

यात पारधी कुटुंबांचा जाच निराळा. सोलापूर, धाराशिव, बीड भागांतून आलेली ही माणसं गजरे करतात, खेळणी विकतात. १८७१च्या इंग्रजी कायद्यानं अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, पुढं पारधीही त्यात ओढले गेले. तो कायदा १९५२मध्ये गेला, संशय राहिला. परिसरात चोरी झाली की आधी यांची बोचकी सोडली जातात. बाप आणि भाऊ चौकीत बसवले गेले, की रस्त्याच्या अंगाची जागा रिकामी. ज्या आईनं पोलिसाच्या हातून मार खाल्लाय, ती मुलीच्या बाबतीत काही घडलं तर त्याच चौकीत कशी जाईल?

पत्ता काय?

कायदे वाईट नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यात मुलीचा जबाब तिच्या घरी, ती राहते तिथं किंवा तिला हवं तिथं घ्यावा असं आहे. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. पण जिचं राहणं रस्त्यावर, तिचा जबाब तिथं घेतला तर सगळा रस्ता गोळा होतो. हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. मुलगी रात्रीत नाहीशी झालेली आई चौकीत जाते तेव्हा फोटो मागतात, जन्माचा दाखला मागतात, पत्ता विचारतात. तिच्याकडे यातलं काही नसतं, आणि ‘गेली असंल पळून’ हे ऐकून ती परत येते.

दाखल्यांचा हा तिढा शाळेपासून सुरू होतो. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, पण जातीच्या दाखल्यासाठी १९५०च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गावाबाहेर पालात जन्मलेल्या आज्याचा कोणता कागद असणार?

मग मुलीला राखायला आईबाप त्यांच्या हातात असलेला एकच उपाय करतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न लावतात. मला हे ऐकताना राग आला आणि तो मी लपवला नाही. त्यावर एका आईनं विचारलं, ‘ताई, तुमी रातभर राखाल का माझ्या पोरीला?’ मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणजे रांगेत आणखी एक माणूस. मारणारा असला तरी एकच.

त्या मुलीला दिवस गेले की नवा पेच. वय अठराच्या आत, म्हणजे पॉक्सोनुसार दवाखान्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं. नवऱ्याला पकडतील या भीतीनं ती तपासणीलाच जात नाही, शेवटच्या घटकेला जाते किंवा फुटपाथवर बाळंत होते. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या बाबतीत थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिची ओळख पोलिसांना द्यायची गरज नाही. हा निकाल पाळला जातो की नाही, हे मी ज्या बायकांशी बोलले त्यांना सांगताच आलं नाही. त्यांच्यापर्यंत तो पोहोचलेलाच नव्हता.

निवारा कुणासाठी

सरकारी उत्तर ‘निवारा’ असं आहे. २०१३च्या शहरी बेघर योजनेप्रमाणे दर लाख वस्तीमागं शंभर माणसांचा, बारा महिने चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा, असं ठरलं होतं. जनगणनेतल्या सव्वा कोटींच्या मुंबईला तसे सव्वाशे लागतील. शहर त्याच्या जवळपासही नाही.

पण संख्येपेक्षा मला रचना खटकली. पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, मुलांचा वेगळा. कुटुंबाला एकत्र घेणारे थोडे. आईला मुलीसह जागा मिळते, पण वयात आलेला मुलगा तिथं चालत नाही, बाप नाही. म्हणजे जी रांग मुलीला राखते, ती दारातच तोडायची. शिवाय ‘पोरीला होमात टाकतील’, म्हणजे बालगृहात, ही धास्ती. बायका सांगतात, एकदा आत गेलेली मुलगी सोडवून आणायला पुन्हा पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणून मुलांना मदत करणारी गाडी दिसली तरी आया मुलींना लपवतात. मोजणीत त्या कमी भरतात याचं हेही एक कारण असावं.

आईपासून न तोडता मुलीला राखता येतं, हे याच शहरात केलेलं आहे. १९८८मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेनं कामाठीपुऱ्यात वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर काढलं. संध्याकाळी मुलं यायची, जेवायची, अभ्यास करायची, झोपायची. सकाळी पुन्हा आईकडे. ठाण्याला तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६पासून कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ भरते, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेची. शाळा मुलांच्या जागी गेली आणि आधी आंघोळ, मग गणवेश, जेवण आणि धडा असा क्रम लावला. तिथं मुलींनी मला वह्या दाखवल्या. एकीचं अक्षर छापल्यासारखं होतं. घरी जाऊन अभ्यास कुठं करते, असं विचारल्यावर तिनं पुलाच्या खांबाजवळचा दिवा दाखवला.

भायखळ्याच्या बायकांना मी शेवटी विचारलं, घर मिळेपर्यंत काय हवं? त्यांचा विचार झालेला होता. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला महापालिकेची शाळा आहे. तिला पाणी आहे, संडास आहे, दिवे आहेत, पहारेकरी आहे आणि संध्याकाळी तिला कुलूप लागतं. तळमजल्याचे दोन वर्ग रात्री नऊ ते सकाळी सहा उघडा, मुलींसोबत आया आणि आज्या झोपतील, पुरुष गेटाबाहेर झोपतील. त्यामुळे रस्त्याच्या अंगाला तेच राहतील. सामान आत ठेवायला मिळालं तर गाडी आली तरी कागद जाणार नाहीत. सहा वाजता वर्ग झाडून-पुसून देऊ, बाकं होती तशी लावू. २०१३च्या योजनेत रिकाम्या सार्वजनिक इमारती डागडुजी करून वापरायची सोय होतीच. अर्ज कुणाच्या नावे करायचा, वॉर्ड ऑफिसला की शिक्षण खात्याला, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. अर्जावर पत्त्याच्या रकान्यात त्यांनी शाळेच्या समोरचा फुटपाथ लिहायचं ठरवलं आहे.